रीडच्या आधी स्टेपल

वाद्यसंग्रहालयात जुन्या ओबोंच्या, म्हणजे सनईसारख्या युरोपीय फुंकवाद्यांच्या, कपाटासमोर उभं राहिलं की एक गोष्ट मला दर वेळी खटकते. पाटीवर सगळं लिहिलेलं असतं. लाकूड बॉक्सवुड, भोकं झाकणाऱ्या चाव्या पितळी, कारागिराचा शिक्का नुरेंबर्गच्या डेनरचा किंवा लंडनच्या स्टेन्स्बीचा, साल अंदाजे अमुक. आणि वाद्याच्या माथ्यावर नुसतं उघडं भोक. इथे रीड, म्हणजे फुंकायची पत्ती, नाही, हे पाटीवर नसतं. बघणाऱ्यालाही ते जाणवत नाही, कारण मधाच्या रंगाचं ते गुळगुळीत लाकूड, त्यावरचे कातीव कंगोरे, खालची घंटेसारखी फुललेली कड हे सगळं डोळ्यांना पुरं वाटतं. सूर जिथे जन्मतो तो भाग मात्र तिथे नसतो. कारागिराने हे भोक कोणती रीड मनात धरून कोरलं असेल, हा प्रश्न मग कपाटासमोरून हलल्यावरही सोबत येतो.

आपल्याकडे सनईचं असं होत नाही. सनईला दोऱ्याने बांधलेल्या जास्तीच्या पत्त्या लोंबत असतात, सोबत पत्तीचं तोंड उघडायला आणि साफ करायला हस्तिदंताची सुई. वाद्य आणि पत्ती एकाच हातातून पुढच्या हातात जातात. सोलापूरकडच्या सुंद्रीलाही हेच लागू आहे. पत्ती कुठल्या गवताची, किती भिजवायची, ओठांनी किती दाबायची हे शिकवणारा माणूस समोर बसलेला असतो. युरोपात ही साखळी तुटली. एकोणिसाव्या शतकात ओबोला चाव्यांची गर्दी झाली, पोकळी बदलली, सभागृहं मोठी झाली, रीड अरुंद आणि आखूड झाली. दोन-तीन चाव्यांचे जुने ओबो पेटीत पडून राहिले. त्यांच्या रीडी मात्र कुणी जपल्या नाहीत, कारण झिजलेली रीड ही टाकून द्यायचीच वस्तू. अठराव्या शतकाच्या अखेरच्या आणि त्यानंतरच्या थोड्या इंग्रजी रीडी उरल्या आहेत, त्यांत लंडनच्या थॉमस लिंगच्या आहेत. त्याआधीच्या काळासाठी हाताशी आहेत ती चित्रं, जेम्स टॅल्बटने १६९० च्या दशकात वाद्यांची मापं घेऊन लिहिलेलं हस्तलिखित (ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात आहे), आणि पुढे १८०० च्या सुमारास फ्रेंच वादक गार्नियेने आपल्या शिकवणीच्या पुस्तकात दिलेली रीडची आणि हत्यारांची चित्रं.

म्हणून ‘बरोक ओबोची (म्हणजे साधारण १७५० पर्यंतच्या ओबोची) अस्सल रीड’ अशी वस्तू विकत मिळत नाही.

मिळते ती अंदाजाने बनवलेली रीड, आणि तो अंदाज वाद्याच्या पोकळीवरून बांधावा लागतो. ओबोची पोकळी शंकूच्या आकाराची असते, पण शंकूचं टोक कापलेलं. त्या कापलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, साधारण तेवढी जागा रीड आणि तिच्याखालची धातूची नळी, म्हणजे स्टेपल, या दोघांनी मिळून भरून काढायची असते. ही जागा कमी पडली की वरचं सप्तक चढतं. खालचा डी (पाश्चात्त्य सुरांपैकी एक) सुरात असतो आणि वरचा डी टोचायला लागतो. जागा जास्त झाली की उलट घडतं, वरचे सूर उतरतात आणि सप्तक आखूड होतं. यात आणखी एक गुंता आहे. रीडची दोन पाती मऊ असतील तर ती फुंकरीच्या दाबाखाली दबतात, त्यामुळे मऊ रीड मापाने असते त्याहून मोठी असल्यासारखी वागते. एकाच मापाच्या दोन रीडी, एक टणक आणि एक मऊ, एकाच ओबोवर दोन वेगळी सप्तकं देतात ती यामुळे. आधुनिक ओबोला सप्तक बदलायला वेगळी चावी असते, ती थोडंफार सांभाळून घेते. बरोक ओबोला ती नाही. वरच्या सप्तकात जायचं ते ओठांच्या किंचित दाबाने आणि श्वासाच्या वेगाने, आणि ते रीडने मानलं तरच.

आधुनिक ओबोची तयार रीड साधारण एकाहत्तर-बहात्तर मिलिमीटर लांब आणि टोकाला सातच्या आसपास रुंद असते. ए हा सूर ४१५ हर्ट्झला लावलेल्या बरोक ओबोची रीड ऐंशीच्या पुढे जाते आणि टोकाला नऊच्या जवळपास असते. आधुनिक रीडचं बूड कॉर्कचं, बरोक रीडचं दोऱ्याचं. दोरा गुंडाळून आधुनिक रीड जुन्या वाद्यात बसवता येते, पण तिने काम होत नाही. पट्टी चढते, डाव्या हाताचे सूर जास्त चढतात, आणि मग लोक वाद्याला दोष देतात. उलट रीड थोडी बाहेर ओढून पट्टी उतरवण्याचा मोहही टाळावा. दोन मिलिमीटर बाहेर ओढल्याने खालचा सी जवळजवळ जागचा हलत नाही, पण बी आणि त्याच्या वरचा सी चांगलेच उतरतात, कारण त्या सुरांसाठी हवेची नळी मुळातच आखूड असते आणि तेवढीच वाढ तिच्या मानाने मोठी ठरते. सूर जुळवायला ओढलेली रीड अशी सगळा सप्तकच वाकडा करते.

पट्टीचा निर्णय त्यामुळे सगळ्यात आधी. आजचे बरोक समूह बहुधा ए ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे आजच्या नेहमीच्या ४४० पेक्षा जवळजवळ बरोबर अर्धा सूर खाली. फ्रेंच संगीतासाठी ३९२, म्हणजे पुरा एक सूर खाली. हायडन-मोझार्टच्या संगीतासाठी ४३०. हे आकडे आजच्या सोयीसाठी ठरलेले आहेत. त्या काळी गावागणिक पट्टी बदलायची, एका चर्चमध्येच दोन पट्ट्या नांदायच्या. जर्मन संगीतकार बाख १७२३ मध्ये लाइपझिगला गेला तेव्हा तिथे ऑर्गन लाकडी वाद्यांपेक्षा एक सूर वर लागलेला होता, म्हणून ऑर्गनवाल्याचा कागद एक सूर खाली उतरवून लिहावा लागे. तेव्हा आज रीड मागताना ‘बरोक ओबोसाठी’ एवढंच सांगितलं तर काहीच सांगितलं नाही असं होतं. स्टेन्स्बीवरून केलेला ४१५ चा ओबो आणि फ्रेंच कारागीर ओततेरच्या वाद्यावरून केलेला ३९२ चा ओबो यांना एकच रीड चालणार नाही. पहिल्यात ती निदान वाजेल, दुसऱ्यात सप्तकच जुळणार नाही.

आणि पट्टी ठरली की पाळी येते स्टेपलची. माझं ठाम मत आहे की जुन्या ओबोसाठी रीड निवडणं म्हणजे नव्वद टक्के स्टेपल निवडणं. पाती महिन्याभरात झिजतात, स्टेपल वर्षानुवर्षं राहतं. ती पितळेच्या पत्र्याची, लोखंडी सुंभ्यावर वळून सांध्यावर डाख दिलेली छोटी निमुळती नळी असते. लांबी पन्नास ते साठ मिलिमीटरच्या दरम्यान, खालचं तोंड पाचच्या आसपास, वरचं अडीच ते तीन आणि किंचित चपटं. वरच्या तोंडात पाव मिलिमीटरचा फरक पडला तरी वरच्या सप्तकाचा स्वभाव बदलतो. स्टेपल वाद्याच्या भोकात किती खोल उतरतं आणि त्याच्या तळाशी पोकळीला कुठे भेटतं, हेही बघावं लागतं. तळाशी रिकामी पायरी राहिली तर तेवढी हवा हिशेबात वाढते आणि एखादा सूर, बहुतेक वरचा ए किंवा बी, कापरा निघतो. म्हणून वाद्य विकत घेताना पहिला प्रश्न कारागिरालाच विचारावा: हा ओबो तुम्ही कुठल्या स्टेपलवर सुरात आणला? चांगला कारागीर स्टेपल सोबत देतो किंवा माप लिहून देतो. जो देत नाही त्याच्याकडून वाद्य घेताना मी दहादा विचार करीन. जुनं, हातोहात फिरलेलं वाद्य घेतलं तर त्याच्या पेटीतल्या मेलेल्या रीडी फेकू नयेत. पात्यांना काही किंमत नसली तरी त्यांच्याखालचं स्टेपल बहुधा त्याच वाद्यासाठी निवडलेलं असतं. दोरा कापून पाती काढावीत, स्टेपल कोमट पाण्यात धुऊन घ्यावं आणि व्हर्नियरने मापावं.

पात्यांसाठी लागतो तो अरुंडो डोनॅक्स, आपल्या बोरूचा उंच, जाड भाऊबंद. दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातला बोरू रीडवाल्यांमध्ये नावाजलेला. थंडीत तोडतात, सावलीत वाळवतात, मग उन्हात फिरवतात, तेव्हा हिरवा रंग जाऊन सोनेरी येतो. कांडी घेताना आधी ती सपाट काचेवर लोळवून बघावी. डुलली तर वाकडी आहे, आणि वाकड्या कांडीची दोन पाती कधीच एकमेकांना नीट भेटत नाहीत. सालीवर चमक हवी. आतल्या बाजूला नखाने दाबल्यावर खळगा पडला तर कांडी मऊ, नख घसरलं तर टणक. व्यास फार महत्त्वाचा. आधुनिक ओबोवाला दहा-साडेदहा मिलिमीटर व्यासाची कांडी घेतो. बरोकसाठी साडेअकरा-बाराच्या आसपासची बरी, कारण बारीक कांडीची कमान जास्त असते आणि नऊ मिलिमीटर रुंद रीड त्या कमानीतून कापली की तोंड भलतंच उघडं राहतं. मग वाजवणारा ओठांनी ते दाबून धरतो, अर्ध्या तासात ओठ थकतात आणि पट्टी सरकायला लागते. जाड कांडीची कमान उतरती असते, तोंड आपसूक मिटलेलं राहतं. आतून तासून जाडी मध्यभागी सहा दशांश मिलिमीटरच्या किंचित वर ठेवतात, आधुनिकपेक्षा थोडी जास्त.

बांधताना एक जागा अशी आहे की तिथे चुकलं तर पुढची सगळी मेहनत फुकट. तासलेली पट्टी दोन-तीन तास पाण्यात भिजवून मधोमध दुमडायची, दोन्ही टोकं स्टेपलवर ठेवून दोऱ्याने आवळत वर जायचं. दोऱ्याचा शेवटचा वेढा स्टेपलच्या वरच्या काठाशी बरोबर संपला पाहिजे. काठाच्या पुढे गेला तर दोरा पात्यांचाच गळा आवळतो आणि रीड घुसमटते, खालचे सूर निघत नाहीत. काठाच्या खाली थांबला तर पाती तिथे सैल राहतात आणि कर्कश खरखर येते. पात्यांच्या कडा काठाच्या एक-दोन वेढे आधी मिटायला हव्यात. त्याआधीच मिटल्या तर आकार स्टेपलपेक्षा रुंद आहे, काठापर्यंत येऊनही मिटल्या नाहीत तर अरुंद. ही गोष्ट विकत घेतलेल्या रीडमध्येही तपासता येते. स्टेपलच्या तोंडातून पातळ तार आत घालून काठ कुठे येतो ते मापायचं आणि बाहेर दोरा कुठे संपतो ते बघायचं.

हवा गळते का हे बघायला स्टेपलचं खालचं तोंड बोटाने घट्ट बंद करून रीडमधून हवा ओढून घ्यावी. पाती चिकटून क्षणभर तशीच राहिली आणि मग बारीक ‘टप्’ आवाजाने उघडली तर रीड घट्ट आहे. लगेच उघडली तर कुठेतरी फट आहे. कडांवर असेल तर पाती एकमेकांवरून सरकली आहेत, अंगठ्याने हळूच जागेवर आणावीत. दोऱ्यात असेल तर प्लंबरवाल्याची टेफ्लॉन टेप पुरते. त्या काळी तिथे जनावराच्या आतड्याचा पापुद्रा गुंडाळत.

मग खरवडणं. आधुनिक रीडमध्ये टोक, पाठ, कणा असे ठळक भाग पाडतात. बरोक रीडवर उतार लांब आणि सलग ठेवलेला बरा, इंग्रजी यू किंवा व्हीच्या आकारात, बाजूंना थोडी जास्त आणि मध्ये थोडी कमी. रीड नुसती तोंडात घेऊन फुंकावी. आत खोल घेतल्यावर खालचा आणि वरचा आवाज मिसळून येईल तर ठीक. नुसती बारीक किंकाळी आली तर बुडाशी लाकूड जास्त आहे. नुसती सैल घरघर आली तर ओढाताणीत जास्त निघालं आहे, तेव्हा टोक कापायचं.

खरी परीक्षा वाद्यावर, आणि ती तीन-चार सुरांतच होते. पहिला खालचा सी, हळू आवाजात, जीभ न मारता नुसत्या श्वासाने. तो निघाला तर बूड ठीक. मग खालचा आणि वरचा डी, बोटं तीच ठेवून फक्त श्वास बदलून. मग बी फ्लॅट आणि एफ, जे मधलं भोक उघडं ठेवून खालचं बंद करून काढावे लागतात. हे सूर मुळातच झाकलेले, थोडे अंधारे असतात, आणि जुन्या ओबोचं सौंदर्य मला तरी तिथेच जास्त जाणवतं. एका सप्तकात सगळे सूर सारखे उजळ असावेत ही अपेक्षाच त्या वाद्याला लावू नये. पण अंधारा वेगळा आणि बेसूर वेगळा. हे सूर ओठ न हलवता आपल्या जागी बसत असतील तर स्टेपल आणि पाती यांचं जमलं आहे. शेवटी वरचा सी आणि डी. ते फक्त जोराने फुंकल्यावर निघत असतील तर रीड मापाने मोठी किंवा टोकाला जाड आहे.

सगळीच जुनी दुपाती वाद्यं इतकी हट्टी नाहीत. क्रमहॉर्नची रीड टोपीच्या आत असते, ओठ तिला लागतच नाहीत, पल्ला जेमतेम नऊ सुरांचा. तिथे मी बिनदिक्कत प्लॅस्टिकची रीड घेईन, कारण ती दमट-कोरड्याने बदलत नाही आणि ओठांची मदत तशीही मिळणार नसते. फक्त सूर जुळवताना टोपी काढायची, रीड थोडी आत-बाहेर करायची, टोपी लावून पुन्हा फुंकायचं, असं सबुरीने करावं लागतं. जोराने फुंकलं की पट्टी चढते, म्हणून जुळवताना नेहमीच्या दाबाने फुंकावं. डल्सियन हा बसून (bassoon) या खर्जाच्या वाद्याचा पूर्वज, त्याची रीड बसूनच्या रीडसारखीच, वाकड्या नळीवर बसणारी. तोंड फार उघडं असेल तर रीडवर बांधलेल्या तारांपैकी वरची वर-खालून चिमटीत दाबली की ते मिटतं, बाजूंनी दाबली की उघडतं. खालच्या तारेला हाच नियम उलटा. ओबोचा पूर्वज असलेल्या शॉमची गोष्ट आनंदाची आहे, कारण त्याची नातवंडं स्पेनमधल्या कॅटलोनियात सार्दाना नाचाच्या बँडमध्ये अजून वाजतात. तिब्ले आणि तेनोरा नावाची ती वाद्यं, त्यांच्या पंख्यासारख्या रुंद रीडी अजून बनतात, आणि नव्याने घडवलेल्या शॉमसाठी त्या थोड्या छाटून वापरणारे वादक आहेत. शॉम गोव्यातही पोहोचला होता. जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत सणांच्या वर्णनात चारामेलांचे (हे शॉमचं पोर्तुगीज नाव) उल्लेख येतात. समुद्रापलीकडून आलेल्या त्या रीडी पावसाळ्यात कशा टिकवल्या असतील, याचं मला फार कुतूहल आहे.

कारण हवामान हाच इथल्या वादकाचा पहिला अडथळा. जुलैतल्या मुंबईत पाती फुगून रीड जड होते, त्याच दिवशी एसी लावलेल्या सभागृहात अर्ध्या तासात कोरडी पडून तोंड मिटतं. युरोपातून मागवलेली रीड पेटीतून काढल्या दिवशी पारखूच नये. रोज पाच-दहा मिनिटं हळू वाजवत पाच-सहा दिवस जाऊ द्यावेत. डबी हवाबंद नको, बुरशी येते. झाकणाला भोकं असलेली लाकडी डबी चांगली.

रीड बनवणाऱ्याला मागणी लिहिताना वाद्य कुणावरून केलं आहे, पट्टी किती, स्टेपलची लांबी आणि दोन्ही तोंडं, वाद्याच्या भोकाचा व्यास आणि खोली, जी एखादी रीड बरी वाजते तिची पूर्ण लांबी, टोकाची रुंदी आणि दोऱ्याची लांबी, एवढं द्यावं. आपण सहसा चढे वाजवतो की उतरे, हेही प्रामाणिकपणे लिहावं. शक्य असेल तर पूर्ण तयार रीडींऐवजी आपल्याच स्टेपलवर बांधलेल्या, पण अर्धवट खरवडलेल्या मागवाव्यात. त्यांना शेवटचा हात इथल्या हवेत, आपल्या वाद्यावर द्यायचा. त्यासाठी एक चांगली धार असलेली सुरी, पात्यांमध्ये सरकवायची पातळ धातूची पट्टी आणि टोक कापायला छोटा कठीण लाकडाचा ठोकळा पुरतो. एका वेळी पाव मिलिमीटरपेक्षा जास्त टोक कापू नये, आणि प्रत्येक कापानंतर खालचा सी आणि वरचा डी वाजवून बघावेत. सी निघायचा थांबला तर कापणं तिथेच थांबवून बुडाकडून चार हात खरवडावं.